सलूनच्या स्वच्छतेचे आणि परवान्याचे नियम नेमकं काय सांगतात?

दाढी करताना त्वचेला होणाऱ्या जखमांपैकी बहुतेक डोळ्यांना दिसतच नाहीत. पातं केसाबरोबर त्वचेचा वरचा पातळ थरही खरवडून नेतं आणि रक्ताचा टिपूसही न येता तिथे बारीक वाटा उघड्या पडतात. रक्त दिसलं की कारागीर सावध होतो, गिऱ्हाईकही सावध होतं. न दिसलेल्या रक्ताचं काय करायचं, या प्रश्नाभोवती सलूनच्या स्वच्छतेचे बरेचसे नियम उभे आहेत. एकदाच वापरायचं पातं, द्रावणाची बरणी, प्रत्येकाला वेगळा टॉवेल, भिंतीवरचा परवाना, तपासणीला येणारा निरीक्षक, हे सगळं सुटं सुटं वाचलं तर नुसती कटकट वाटते. पण या सगळ्याचा रोख एकाच जागेवर आहे. एक माणूस खुर्चीवरून उठतो आणि दुसरा बसतो, त्या मधल्या वेळात अवजारांचं काय होतं? नियमांचं खरं मोल तिथेच ठरतं, आणि एखाद्या गावाचा किंवा देशाचा नियम चांगला की वाईट हेही तिथेच तपासून पाहावं असं मला वाटतं.

कोणते आजार, आणि ते पसरतात कसे

यातला सगळ्यात चिवट शत्रू म्हणजे यकृतावर घाला घालणारा हिपॅटायटिस बीचा विषाणू. शरीराबाहेर तो किमान ७ दिवस तग धरतो. म्हणजे सोमवारी वस्तऱ्याच्या खाचेत सुकलेलं रक्त पुढच्या रविवारीही धोक्याचं असू शकतं. रुग्णालयात दूषित सुई टोचली गेल्याच्या घटनांवरून डॉक्टरांनी बांधलेला अंदाज असा, की लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीची लागण होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीच्या बाबतीत हीच शक्यता सुमारे ०.३ टक्के असते. वस्तऱ्याचा ओरखडा म्हणजे पोकळ सुई नव्हे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे सलूनला लावता येत नाहीत. पण दोन आकड्यांमधलं अंतर पाहा. सलूनमध्ये लोक घाबरतात ते एचआयव्हीला. नियम लिहिणारे मात्र हिपॅटायटिस बी डोळ्यांसमोर ठेवून लिहितात, कारण त्याला रोखणारी पद्धत एचआयव्हीलाही सहज रोखते. त्याचा भाऊबंद हिपॅटायटिस सी. त्यावर अजून लस नाही आणि तोही रक्तातूनच पसरतो.

रक्ताशी संबंध नसलेले आजारही आहेत, आणि रोजच्या व्यवहारात तेच जास्त भेटतात. नायटा किंवा गजकर्ण ही बुरशी. तिचे बीजाणू कंगव्यात अडकलेल्या केसांवर आणि त्वचेच्या कोंड्यावर महिनोन्‌महिने जिवंत राहतात. गेल्या काही वर्षांत स्पेन, जर्मनी, ब्रिटन अशा देशांतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी तरुण मुलांच्या मानेवर आणि डोक्याच्या मागच्या भागात नायट्याचे रुग्ण वाढल्याची नोंद केली आहे. ट्रायकोफायटॉन टॉन्सुरन्स नावाची बुरशी त्यामागे आढळली, आणि अनेक रुग्णांनी अलीकडेच फेड कट करून घेतलेला होता. या कटमध्ये बाजूचे केस मशीननं थेट त्वचेलगत उतरवत नेतात. मशीनचं पातं कातडीला घासत जातं, सूक्ष्म ओरखडे पडतात, आणि कट नीट दिसावा म्हणून माणूस दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येऊन बसतो. वस्तऱ्याचं पातं बदललं का, हे बहुतेक गिऱ्हाइकं पाहतात. मशीनचं पातं कोणी साफ केलं का, हे फारसं कोणी विचारत नाही.

दाढीनंतर गळ्यावर येणारी प्रत्येक पुळी मात्र संसर्गाची नसते. कुरळा केस अगदी खालून कापला गेला की वाढताना पुन्हा त्वचेत शिरतो आणि तिथे फोड येतो. त्यात सलूनचा दोष नाही. उवांची भीतीही थोडी आवरायला हरकत नाही: डोक्यावरून उतरलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते.

दाढीच्या साबणाचा ब्रश कुणाला धोक्याचा वाटत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात याच ब्रशातून अँथ्रॅक्स पसरला होता. ब्रशासाठी लागणारे चांगल्या प्रतीचे केस मिळेनासे झाले, म्हणून घोड्याचे केस वापरले गेले, आणि ते नीट निर्जंतुक न करताच बाजारात आले. सैनिकांच्या आणि सामान्य माणसांच्या चेहऱ्यांवर, गळ्यांवर काळ्या खपलीचे फोड उठले, काही जण दगावले. शेवटी ब्रिटनने १९२० साली जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदी घातली. आज तो धोका जवळपास राहिलेला नाही, पण अनेक नियमावल्या सामायिक ब्रशापेक्षा ट्यूबमधलं क्रीम किंवा डब्यातला फेस बरा असं सांगतात. ओला, कोमट, साबणानं माखलेला ब्रश एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर जाणं जंतूंच्या दृष्टीनं सोयीचंच आहे.

धुणं वेगळं, जंतू मारणं वेगळं, निर्जंतुक करणं वेगळं

नियमांमधला सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश जाऊ.

पहिली पायरी धुण्याची. केस, तेल, कोंडा, साबणाचा थर, रक्त, हे सगळं वाहत्या पाण्याखाली साबण लावून, ब्रशानं घासून काढायचं. यानं सगळे जंतू मरत नाहीत, पण त्यांची संख्या बरीच घटते आणि पुढच्या पायरीसाठी पृष्ठभाग मोकळा होतो. दुसरी पायरी रसायनानं जंतू मारण्याची. बहुतेक जिवाणू, विषाणू आणि बुरश्या यात मरतात. काही जिवाणूंचे कडक कवचाचे बीजाणू मात्र टिकतात. तिसरी पायरी निर्जंतुक करण्याची, म्हणजे बीजाणूंसकट सगळं संपवण्याची. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो. दाबाखालची वाफ १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटं, किंवा १३४ अंशांना ३ मिनिटं धरावी लागते, आणि ही वेळ त्या तापमानाला पोहोचल्यानंतरची मोजायची.

कात्री, कंगवा, क्लिप यांना साधारण दुसरी पायरी पुरते, कारण ती अवजारं शाबूत त्वचेला आणि केसांना लागतात. जे मुद्दाम त्वचा भेदतं, म्हणजे सुई, त्याला तिसरी पायरी हवी, नाहीतर ते एकदा वापरून फेकायचं. वस्तरा या दोहोंच्या मध्ये येतो. तो त्वचा भेदण्यासाठी नसतो, पण भेदतो. म्हणून सुटसुटीत तोडगा निघाला: दर गिऱ्हाइकाला नवं पातं. पण पातं बदललं की काम संपलं, असं समजणं चुकीचं आहे. पातं जिथे अडकवतात त्या पट्टीच्या खाचेत साबण आणि रक्त मुरतं. नवं कोरं पातं त्याच घाणीत बसवलं तर नवेपणाचा उपयोग अर्धाच. पात्याबरोबर वस्तऱ्याची पकडही धुऊन द्रावणात बुडवली पाहिजे.

पहिली पायरी गाळून दुसरीवर उडी मारली, की सगळी मेहनत वाया जाते. खरकटं भांडं न घासता नुसतं औषधी पाण्यात बुडवून वाढायला घेण्यासारखंच ते आहे. रक्त आणि तेल यांचा थर जंतूंना झाकून ठेवतो, आणि क्लोरीनसारखं रसायन तर त्या घाणीशी झुंजण्यातच संपून जातं. केस तरंगत असलेली, गढूळ झालेली द्रावणाची बरणी दिसली तर समजा की तिच्यात आता फारसा दम उरलेला नाही.

ही बरणी बहुतेकांनी पाहिलेली असते, निळ्या पाण्यात उभे ठेवलेले कंगवे. बार्बिसाइड या नावानं ते द्रावण अमेरिकेत १९४७ साली मॉरिस किंग यांनी बाजारात आणलं आणि तो निळा रंग जगभरच्या सलूनची खूण झाला. अशा द्रावणांच्या वापराचे नियम बाटलीवरच छापलेले असतात, आणि त्यातले तीन मोडले तर द्रावण असून नसल्यासारखं. पाण्यात किती मिसळायचं ते मापानं घ्यायचं, अंदाजानं नव्हे. अवजार पूर्ण बुडलं पाहिजे, अर्धा कंगवा बाहेर राहिला तर अर्धाच स्वच्छ. आणि ठरलेला वेळ, बहुधा १० मिनिटं, ते ओलं राहिलं पाहिजे. द्रावण रोज बदलायचं, आणि त्याआधी गढूळ झालं तर लगेच.

आता साधा हिशोब करू. केस कापायला २० मिनिटं लागतात असं धरा. वापरलेली अवजारं धुवायला दोन-तीन मिनिटं, बुडवून ठेवायला १०, खळबळून पुसून कोरडी करायला आणखी दोन. म्हणजे एक संच १५ मिनिटं कामाबाहेर. कारागिराकडे एकच संच असेल आणि बाकावर तीन जण बसलेले असतील, तर ती १५ मिनिटं कुठून आणणार? तो कंगवा झटकेल, टॉवेलनं पुसेल आणि पुढच्याला बसवेल. यात त्याच्या स्वभावाचा प्रश्न नाही, अवजारांच्या संख्येचा आहे. दर खुर्चीमागे किमान तीन संच असले की घाईच्या वेळीही नियम पाळता येतो. चांगली नियमावली नुसतं ‘स्वच्छता राखावी’ असं लिहून थांबत नाही. ती संचांची संख्या सांगते. मला तर हे एक वाक्य बाकी सगळ्या उपदेशापेक्षा मोलाचं वाटतं.

अल्कोहोलबद्दल एक गोष्ट उलटी वाटेल अशी आहे. शुद्ध अल्कोहोलपेक्षा ७० टक्क्यांचं अल्कोहोल जंतू जास्त चांगले मारतं. जंतूंची प्रथिनं मोडायला पाणीही लागतं, आणि शुद्ध अल्कोहोल फार पटकन उडून जातं. मशीनच्या पात्यावर फवारा मारताक्षणी पुसून टाकला, तर नुसता वास येतो. आधी पातं उघडून आतले केस ब्रशानं काढायचे, मग फवारा मारून सांगितलेला वेळ ते ओलं ठेवायचं, मग तेलाचा थेंब. प्लास्टिकचे गार्ड तर थेट धुता येतात, तरी ते वर्षानुवर्षं खणात तसेच पडलेले असतात.

निळसर उजेडाच्या अतिनील पेट्यांवर लोकांचा फार विश्वास असतो. कात्री त्या पेटीत ठेवलेली पाहिली की गिऱ्हाइकाला बरं वाटतं. पण अतिनील प्रकाश ज्या पृष्ठभागावर थेट पडतो तिथेच काम करतो. कात्रीच्या बिजागरीत, कंगव्याच्या दातांच्या बुडाशी, एकावर एक ठेवलेल्या अवजारांच्या सावलीत तो पोहोचत नाही. म्हणून अनेक नियमावल्यांत ती पेटी आधीच स्वच्छ केलेली अवजारं ठेवायची जागा म्हणून चालते, जंतू मारायचं साधन म्हणून नाही. गरम टॉवेलच्या कपाटाचंही तसंच. टॉवेल ऊबदार ठेवणं आणि टॉवेलमधले जंतू मारणं यांत बरंच अंतर आहे. टॉवेल साबणानं, शक्यतो ६० अंशांच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून मगच कपाटात जायला हवा. वापरलेल्या टॉवेलला झाकणाचं वेगळं पिंप हवं.

तुरटीची वडी हा असाच दुर्लक्षित मुद्दा. दाढीनंतर कापलेल्या जागी ती फिरवतात, रक्त थांबतं, वडी पाण्यात बुडवून परत जागेवर जाते. म्हणजे जिथे रक्त आहे नेमकं तिथेच सामायिक वस्तू लावली गेली. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांचे नियम वडी आणि रक्त थांबवायची कांडी वापरू देत नाहीत. त्याऐवजी भुकटी किंवा द्रव, तोही स्वच्छ कापसाच्या बोळ्यावर घेऊन, आणि बोळा लगेच कचऱ्यात. मानेवरचे केस झटकायचा मऊ ब्रशही याच संशयित यादीत येतो.

‘आजारी माणसाला बसवू नका’ हा नियम पुरेसा का नाही

जुन्या नियमावल्यांत एक कलम हमखास सापडतं: संसर्गजन्य आजार असलेल्या गिऱ्हाइकाचं काम करू नये. टाळूवर उघडा नायटा दिसतो आहे, डोक्यात उवा आहेत, चेहऱ्यावर पू भरलेल्या जखमा आहेत, अशा वेळी ते योग्यच आहे. पण रक्तातून पसरणाऱ्या आजारांना ते लावलं की दोन प्रकारचं नुकसान होतं. हिपॅटायटिस बी किंवा सी असलेल्या अनेकांना स्वतःलाही ते ठाऊक नसतं, त्यामुळे विचारून काहीच निष्पन्न होत नाही. आणि ज्याला ठाऊक आहे त्यानं खरं सांगितलं, तर त्याला बाहेरचा रस्ता दाखवला जातो. पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण संस्थेने १९८७ साली रुग्णालयांसाठी याचं उत्तर लिहून दिलं: प्रत्येक माणसाचं रक्त संसर्गित आहे असंच धरून वागा. सलूनला ते तंतोतंत लागू पडतं. कुणाला काय झालंय हे शोधायची गरजच राहत नाही, कारण प्रत्येकाच्या मागे तेच धुणं, तेच बुडवणं, तेच नवं पातं. यात कुणाचा अपमान होत नाही आणि कुणी निसटतही नाही.

कारागिराच्या आरोग्यालाही इथेच जागा आहे, जी नियमांत फार कमी वेळा मिळते. दिवसभर हात ओले, साबण, रंग, रसायनं. त्यातून हातांचा इसब हा या व्यवसायाचा नेहमीचा आजार आहे, आणि भेगाळलेल्या हातांतून संसर्ग आत शिरणं सोपं जातं. हिपॅटायटिस बीची लस हे त्याचं सर्वांत स्वस्त कवच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने केशकर्तनाच्या व्यवसायातल्या रसायनांच्या संपर्काला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलं आहे. केस सरळ करायच्या काही द्रावणांतून गरम इस्त्री फिरवताना फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते, आणि ती गिऱ्हाईक तासभर हुंगतं तर कारागीर रोज हुंगतो. खेळती हवा आणि हातमोजे हा चैनीचा भाग नाही. केसांच्या रंगाच्या बाबतीत ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून पाहावा, असं पाकिटावर लिहिलेलं असतं. पीपीडी या घटकाची ॲलर्जी जोराची असेल तर चेहरा सुजून डोळे मिटतात.

परवाना कशाचा?

या व्यवसायावरचं सरकारी नियंत्रण मुळात केसांवरून आलेलं नाही, रक्तावरून आलं. युरोपात शतकानुशतकं न्हावीच रक्त काढायचे, दात उपटायचे, गळवं फोडायचे. लंडनमध्ये १५४० साली आठव्या हेन्रीच्या काळात न्हावी आणि शल्यवैद्य यांना एकाच संघात आणलं गेलं, पण कायद्यानं कामं वाटून दिली: न्हाव्यांनी शस्त्रक्रिया करायची नाही, दात मात्र काढता येतील; शल्यवैद्यांनी दाढी करायची नाही. १७४५ मध्ये दोघं कायमचे वेगळे झाले. आजच्या अर्थानं परवान्याची पद्धत अमेरिकेत मिनेसोटा राज्यानं १८९७ साली पहिल्यांदा आणली आणि मग बाकीची राज्यं त्या वाटेनं गेली.

आज जगात एकच पद्धत नाही. परवाना म्हणजे तीन वेगवेगळे प्रश्न असतात, आणि कुठे कोणता विचारला जातो यावर सगळं ठरतं. पहिला प्रश्न माणसाचा: हे काम करायला हा शिकलेला आहे का? दुसरा जागेचा: इथे वाहतं पाणी, सांडपाण्याची सोय, हवा, उजेड, धुता येईल अशी जमीन आहे का? तिसरा धंद्याचा: दुकान म्हणून नोंद आहे का, कर भरला जातो का, कामगारांचे तास पाळले जातात का? भिंतीवर चौकटीत लावलेला कागद यातल्या तिसऱ्या प्रश्नाचंच उत्तर असू शकतो. त्याचा स्वच्छतेशी काडीचाही संबंध नसेल. हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं, आणि कागद पाहून ते निर्धास्त होतं.

जर्मनीत सलून चालवायचं तर साधारणपणे मास्टर दर्जाची परीक्षा पास झालेला माणूस हवा. अमेरिकेतल्या राज्यांत प्रशिक्षणाचे तास मोजतात. अनेक ठिकाणी ते १,००० ते १,५०० च्या घरात आहेत. ब्रिटनमध्ये याच्या अगदी उलट: १९६४ च्या कायद्यानं केशकर्तनकारांची नोंदवही सुरू केली, पण नाव नोंदवणं ऐच्छिक ठेवलं. मात्र १९६१ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानं स्थानिक परिषदांना सलूनची जागा, अवजारं, टॉवेल आणि काम करणाऱ्यांची स्वच्छता यांबद्दल उपविधी करण्याचा अधिकार दिलेला आहे. म्हणजे तिथे माणसाच्या पात्रतेपेक्षा जागेच्या स्वच्छतेवर भर.

यांतलं बरं काय? हजार-दीड हजार तासांच्या प्रशिक्षणात मोठा भाग कापण्याच्या, रंगाच्या, मांडणीच्या कौशल्याचा असतो. वाईट कट तर महिन्याभरात वाढून जातो, आणि गिऱ्हाईक तो आरशात स्वतः पाहू शकतं. त्याची शिक्षा बाजार देतोच. जे आरशात दिसत नाही त्यासाठी सरकारची गरज आहे. लांबलचक, महागडं प्रशिक्षण सक्तीचं केलं की हातात कला असलेला पण पैसा नसलेला माणूस बाहेर राहतो, किंवा विनापरवाना काम करतो आणि मग तपासणीच्या कक्षेतूनच निसटतो. त्यापेक्षा स्वच्छतेचा छोटा, सक्तीचा अभ्यासक्रम, हातानं करून दाखवायची परीक्षा, जागेची नोंद आणि न कळवता होणारी तपासणी, हे चौघं एकत्र असले तर नियम आपल्या मूळ हेतूच्या जवळ राहतो. परीक्षाही साधी: हा वापरलेला वस्तरा, हा कंगवा, हे मशीन, पुढच्या गिऱ्हाइकासाठी तयार करून दाखव.

घरी येऊन केस कापणाऱ्यांचा प्रश्न बहुतेक नियमावल्यांत नीट सुटलेला नाही. जागेवर आधारलेला परवाना त्यांना लागूच होत नाही. त्यांच्यासाठी अवजारांच्या पेटीची तपासणी हवी: स्वच्छ अवजारांचा बंद डबा वेगळा, वापरलेल्यांचा वेगळा, पात्यांसाठी कडक डबी, हात धुवायची सोय. इतकं पुरे.

निरीक्षक काय पाहतो, आणि तुम्ही काय पाहू शकता

चांगला निरीक्षक आधी खण उघडतो. आरशासमोरची मांडणी सगळेच सजवतात. खणात केसांसकट पडलेले गार्ड आणि गंजलेली कात्री खरं काय ते सांगतात. मग तो द्रावणाची बाटली उचलतो, वापराची मुदत पाहतो, मापाचा कप आहे का विचारतो. बेसिनला साबण आहे का आणि ते ओलं आहे का, हेही बघतो. वापरलेली पाती कशात टाकतात ते पाहतो: कडक, न फुटणारा, झाकणाचा डबा हवा. पाती साध्या कचऱ्यात गेली तर ती पुढे पिशवी उचलणाऱ्या सफाई कामगाराच्या हातात घुसतात, आणि त्या हाताला कुठल्याही सलूनच्या नियमावलीत जागा नसते. निदान या डब्याच्या कलमात तरी ती असायला हवी.

गिऱ्हाइकाला खण उघडता येत नाही, पण विचारता येतं. पातं तुमच्यासमोर पाकिटातून काढलं गेलं का? कंगवा बरणीतून आला की मागच्या माणसाच्या मांडीवरून? मानेभोवती कागदी पट्टी लावली का, की तेच कापड थेट गळ्याला? हे विचारायला संकोच वाटतो, आणि वाटू नये. जो कारागीर नीट काम करतो त्याला असं विचारलेलं आवडतं, हे मी वारंवार पाहिलं आहे. तो उलट आणखी दोन गोष्टी दाखवतो.

काही गोष्टी सलूनमध्ये करूनच घेऊ नयेत, मग परवाना असो वा नसो. चामखीळ किंवा तीळ कापणं हे वैद्यकीय काम आहे. कान कोरणंही. आणि मान कडाकड मोडणं तर नाहीच. मानेला अचानक दिलेल्या झटक्यानं मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीचा आतला थर फाटू शकतो आणि पक्षाघात येऊ शकतो. केस धुताना मान बेसिनच्या कडेवर फार मागे वाकवल्यामुळेही असं घडू शकतं; मायकेल वाइनट्रॉब या डॉक्टरांनी १९९३ साली अशा रुग्णांचं वर्णन केल्यापासून त्याला ब्यूटी पार्लर स्ट्रोक असं नावच पडलं. मानेखाली टॉवेलची गुंडाळी आणि कमी वाकवणं, एवढी काळजी पुरते.

कापलंच तर

काम तिथेच थांबवायचं. कारागिरानं हातमोजे घालायचे, जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवायची, स्वच्छ कापसानं दाबून धरायची. पिळून रक्त काढू नये, त्याचा फायदा नाही. रक्ताचा बोळा पिशवीत बांधून टाकायचा, अवजार बाजूला काढायचं. खुर्चीवर किंवा जमिनीवर रक्त सांडलं असेल तर आधी ते पुसून घ्यायचं, मग ब्लीचचं ताजं द्रावण लावून १० मिनिटं ठेवायचं. घरगुती ब्लीच ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी, म्हणजे ०.५ टक्के. ते कात्रीला लावू नये, स्टील गंजतं. आणि आम्ल किंवा अमोनिया असलेल्या कुठल्याही क्लीनरमध्ये ते कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो.

आधीच कुणावर तरी वापरलेल्या पात्यानं कापलं गेल्याची शंका असेल, तर घरी जाऊन वाट पाहत बसू नका. हिपॅटायटिस बीची लस झालेली नसेल तर ती शक्य तितक्या लवकर, शक्यतो २४ तासांच्या आत सुरू करतात, आणि एचआयव्ही टाळण्याची औषधं डॉक्टरांना गरजेची वाटली तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. सलूनमध्ये अशा घटनांची वही असेल तर तारीख, वेळ आणि काय झालं ते त्यात लिहून घ्या. नसेल तर तुमच्याकडे लिहून ठेवा आणि स्थानिक आरोग्य विभागाला कळवा, म्हणजे तपासणीला येणाऱ्याला त्या दुकानात नेमकं काय पाहायचं ते आधीच माहीत असेल.